इझोरच्या हातातल्या फुलाविषयी

मी, ओनोरीन द ब्रेव्हान, दरबारात मार्क्वीज द व्हालोंब्र या नावाने ओळखली गेलेली, वय वर्षे एकोणचाळीस, सध्या मुक्काम सेंत-ओदीलचा मठ, छातीतल्या गाठीने जेरीस आलेली पण डोके ठिकाणावर असलेली, आपल्या हाताने, कोणी कानाशी लागलेले नसताना, पुढीलप्रमाणे लिहून ठेवते. डोक्याविषयी कोणाला शंका असल्यास मठाच्या मुख्य बाईंना विचारावे. परवाच मी त्यांना पत्त्यांत हरवले आणि त्या अजून फुगून बसल्या आहेत.

वकील कोर्सेल यांनी या खर्ड्याची स्वच्छ प्रत करावी. कोर्सेल, माझ्या लग्नाचे कागद तुम्ही केलेत, घराचे तुम्ही केलेत, आणि मला इथे आणून टाकले त्या दिवशी गाडीपर्यंत माझ्या डोक्यावर छत्री धरणारेही तुम्हीच होतात. माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. मी वाहवत जाईन तिथे खुशाल कात्री लावा, मात्र माझ्या मुलीच्या बाबतीत एक शब्दही मवाळ करू नका.

कारण हे मृत्युपत्र मी एका फुलासाठी लिहीत आहे.

गेल्या आठवड्यात बाबेत रेव्हेल मला भेटायला आली. बाबेत फुले रंगवते. मोठे चित्रकार चेहरा आणि हात तेवढे काढतात, कापडाला दुसरा माणूस असतो, फुलांना तिसरा. माझ्या प्रत्येक तसबिरीतली फुले बाबेतच्या हातची आहेत आणि त्या सगळ्या दरबारात मला खोटे न बोललेली ती एकटीच बाई आहे. तिने काखेतली गुंडाळी काढली आणि माझ्या पलंगावर पसरली. खुर्चीत बसलेली एक मुलगी, उजवा हात छातीशी. चेहऱ्याच्या जागी नुसता अंडाकार.

“कोणाचं आहे?” मी विचारले.

“चेहरा नंतर येणार, बाईसाहेब. आधी फुलाचा हुकूम आलाय. फूल बघा, म्हणजे कळेल.”

त्या हातात गुलाबाची पांढरी कळी होती. देठ गुळगुळीत होता, आणि कळीचे तोंड बघणाऱ्याकडे वळवलेले होते.

“काटे?”

“काढायला सांगितलेत.”

“कोणी सांगितलं?”

“काउंटसाहेबांनी, तुमच्या यजमानांनी. स्वतः आले होते, केसांच्या टोपाला अगदी पावडर मारून. सेंट लुईच्या सणाला महाराजांना नजर करायचंय म्हणे, खाजगी दालनासाठी.” मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “इझोरबाईंचं आहे.”

लग्न ठरलेल्या कुमारिकेच्या हातात संत्र्याची फुले देतात. पांढरी लिली राणीसाहेबांची, तिला दुसरीने हात लावायचा नसतो. आणि काटे काढलेल्या देठाची, तोंड बाहेर करून धरलेली कळी म्हणजे काय, हे त्या दालनातल्या मेणबत्त्या विझवणाऱ्या हुजऱ्यालाही कळते. तो महाराजांच्या शेजेसाठीचा अर्ज असतो. मुलगी आहे, वयात आली आहे, घरच्यांची हरकत नाही आणि तिचीही नाही, एवढे सगळे त्या एका देठावर लिहिलेले असते. माझी मुलगी इझोर अठरा वर्षांची आहे. तिच्या वयाची असताना माझाही असाच अर्ज गेला होता.

“तू हे काढणार आहेस?” मी बाबेतला विचारले.

“मी नाही म्हटलं तर दुसरी कोणीतरी काढील. मी घेतलं म्हणजे निदान उशीर करता येतो. पांढरा रंग वाळत नाही म्हणून सांगीन.”

“किती दिवस?”

“सण टळेपर्यंत नाही लांबवता येणार, बाईसाहेब. ते रोज माणूस पाठवतात.”

मला या फाटकाबाहेर पाऊल टाकायला बंदी आहे. तसा महाराजांच्या मोहोरेचा हुकूम आहे. दरबारात पत्र पाठवायलाही बंदी आहे आणि माझी पत्रे न फोडता परत येतात. नवऱ्याला लिहिले, त्याचे उत्तर आले, त्यात हवापाण्याची चौकशी होती. मरायला टेकलेल्या बाईचे मृत्युपत्र मात्र कोणाला परत पाठवता येत नाही. ते साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचावे लागते. माझ्याजवळ आता तेवढेच एक तोंड उरले आहे.

कलम पहिले. माझी पिसांची गादी सिस्टर उर्स्यूल यांना द्यावी. मठाच्या नियमात बसत नसेल तर त्यांनी ती आजारी लोकांसाठी म्हणून घ्यावी आणि स्वतः आजारी पडावे. रेशमी बूट स्वयंपाकघरातल्या मुलींना वाटावेत. चांदीच्या चौकटीचा आरसा डचेस द मोर्व्ह यांना पोचवावा. त्यांनी भर मेजवानीत माझ्याकडे पंखा रोखून म्हटले होते, “दर हंगामाला फूल नवं, कुंडी तीच!” सगळे टेबल हसले आणि मीही हसले, कारण हसावे लागते. आज पंधरा वर्षे झाली म्हणून मी ते विसरले असे त्यांनी समजू नये.

कलम दुसरे. माझी पहिली तसबीर, अठराव्या वर्षीची. ही माझ्या आईने काढवून घेतली. देठ गुळगुळीत का, असे मी तेव्हा विचारले होते. आई म्हणाली, “टोचतात गं. आणि हात सैल ठेव, फूल आवळून धरू नकोस.” मला वाटले आईला माझ्या बोटांची काळजी आहे. तसबीर खाजगी दालनात टांगली गेली आणि मला आमंत्रण आले. घरात त्या दिवशी हंस कापला होता. ही तसबीर इझोरला द्यावी. तिने ती स्वतःच्या तसबिरीशेजारी ठेवून बघावी, एवढीच माझी विनंती आहे.

कलम तिसरे. दुसरी तसबीर लग्नाची. दरबारात वावरायला मला नवरा लागणार होता, म्हणून काउंट आन्सेल्म द ब्रेव्हान यांना शोधण्यात आले. घराणे जुने, छप्पर गळके. त्या तसबिरीच्या वेळी बाबेतने कुंचला हातात धरून सगळ्यांच्या देखत विचारले, “मग संत्र्याची फुलं काढू ना?” माझे सासरे खोकले. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला: जाईची फुले काढावीत, लांबून ती संत्र्याच्या फुलांसारखी दिसतात. ही तसबीर माझ्या नवऱ्याला द्यावी. त्यांनी ती जवळून बघावी.

कलम चौथे. तिसऱ्या तसबिरीत मी वसंतदेवी झाले आहे. मांडीवर परडी, परडीत पूर्ण उमललेला गुलाब, बाजूला निशिगंध. निशिगंध अंधार पडल्यावर दरवळतो आणि दरबाराला तेवढा इशारा पुरतो. तेव्हा मला दिवस गेले होते. चित्रकाराने बाहीजवळ उगाच एक मोकळी जागा सोडली होती, ती वाईट दिसते म्हणून बाबेतने गुलाबाच्याच देठावर एक कळी काढली. मनात काही नव्हते, जागा भरायची होती. पण तसबीर लागली आणि सगळा दरबार माझे अभिनंदन करायला लोटला. राजाच्या बाईच्या परडीत गुलाबाला कळी, म्हणजे पोटातले मूल राजाचे. बाबेतला घाम फुटला. महाराज हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. दरबाराचे मग तेच ठरले.

खरे असे आहे की इझोर माझ्या नवऱ्याची मुलगी आहे. त्या वर्षी पूर्ण उन्हाळा महाराजांनी मला बोलावले नव्हते, त्यांचे मन दुसरीकडे होते. आन्सेल्म आणि मी ओब्रीव्हच्या घरी राहिलो. संध्याकाळी ते मला वाचून दाखवत आणि मध्येच स्वतः झोपी जात. चार महिने आम्ही खरोखरचे नवराबायको होतो. चांगले दिवस होते ते, आणि हे लिहिताना मला रडू येते. इझोरच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, बापाची आहे तशीच. पुढे मी महाराजांच्या मनातून उतरले तेव्हा आन्सेल्मना ती कळी टोचू लागली. त्यांनी दुसऱ्या रंगाऱ्याकडून तिच्यावर एक निळी फीत रंगवून घेतली आणि विषय मिटला असे धरले. ते चार महिने ज्या माणसाला ठाऊक आहेत, तोच माणूस आज त्या चार महिन्यांची मुलगी नजराण्यात घालतो आहे. आन्सेल्म, तुम्हाला हे वाचून दाखवतील तेव्हा मान खाली घालू नका, सरळ बघा.

कलम पाचवे. चौथ्या तसबिरीच्या वेळी बाबेत कच्चा आराखडा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. गुलाब तोच होता, पण दोन पाकळ्या टेबलावर गळून पडलेल्या. “वाड्यावरून सांगून आलंय,” ती म्हणाली. मला कोणीही काही बोलले नव्हते. जेवणाला माझी खुर्ची होती, शिकारीला माझी गाडी होती. त्या दोन पाकळ्यांवरून मला कळले की माझे संपले, आणि महिनाभरात मी या मठात होते. इथे आल्यावर मुख्य बाईंनी तीच तसबीर मागून घेतली, गुलाबाच्या जागी कवटी रंगवली आणि माझी पश्चात्ताप करणारी संत बाई केली. ती जेवणघरात लावली आहे. तिथेच राहू द्यावी. तिच्यासमोर बसून मी अकरा वर्षे कोबीचे सार प्यायले आहे, आम्हाला एकमेकींची सवय झाली आहे.

कलम सहावे. ओब्रीव्हचे घर, बागेसकट, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते इझोरला मिळावे. अट एकच, तिची ती तसबीर महाराजांकडे जाऊ नये. गेली तर घर मठाला जावे. मला वाटते, मुलीला बापाने बळजबरीने खुर्चीत बसवले आहे आणि डोक्यावर स्वतःचे छप्पर दिसले की तिला ‘नाही’ म्हणायचे बळ येईल.

इथपर्यंत काल लिहिले. आज इझोर आली होती.

बाप गाडीतच बसून राहिला. ती एकटी आत आली, भेटीच्या खोलीत जाळीपलीकडे बसली, जाळीच्या फटीतून जर्दाळूच्या वड्या एकेक करून माझ्याकडे सरकवल्या. मला त्या आवडतात हे तिच्या लक्षात होते. मी तिला सगळे सांगितले. कळी कशाची, काटे का काढतात, तोंड बाहेर का ठेवतात. ती शांतपणे ऐकून घेत होती.

“मला ठाऊक आहे, आईसाहेब,” ती म्हणाली. “पांढरी मीच निवडली.”

“काय निवडलंस?”

“कळी. बाबा गुलाबी म्हणत होते. गुलाबी आजकाल कोणीही धरतं.”

“इझोर, तुला कळतंय का तू काय बोलते आहेस?”

“तुम्हाला तेव्हा जेवढं कळत होतं, त्यापेक्षा जास्तच कळतंय. तुम्हाला घर मिळालं. तुम्ही आत आलात की अख्खी मेजवानी उठून उभी राहायची, बाबांनीच सांगितलंय. आणि मला काय? मिठाचा कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याचा मुलगा? पुढचे दात पडलेत त्याचे!”

“दात पडलेले असू देत. सकाळी उठलीस की घरात तरी असेल.”

“तीच तर भीती आहे,” ती म्हणाली आणि खळखळून हसली. तिचे हसणे इतके छान आहे की मलाही हसू आले.

मी म्हटले, “माझ्याकडे बघ. नीट बघ. अकरा वर्षं झाली. त्यांच्याकडून एक निरोप नाही, आजारी पडले तेव्हा साधी चौकशी नाही. ज्या माणसाला माझ्या गळ्यावरचा तीळ पाठ होता, त्याला आज मी जिवंत आहे का हे माहीत नाही.”

“तुम्ही रडायच्या म्हणून.”

“कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणतात. महाराजांना रडलेलं आवडत नाही. मी नाही रडणार.”

मी जाळीला धरून खाली बसले. गुडघे टेकले. हे लिहायला मला लाज वाटत नाही. मी तिला म्हटले, बाळा, माझे ऐक, एवढे एकदा ऐक. घर घे, बाग घे, हवे त्याच्याशी लग्न कर, नको तर करू नकोस. तिने हात आत घालून माझ्या डोक्यावरून फिरवला. मायेने फिरवला, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “आईसाहेब, तुम्हाला हेवा वाटतोय.”

सिस्टर उर्स्यूल मला उठवायला आल्या. जाता जाता इझोरने दारात मान वळवली. “चित्रकार म्हणतो, माझी मान तुमच्यासारखी आहे. खरंच आहे का हो?”

“आहे,” मी म्हटले. “फार सुंदर आहे.”

ती खूश होऊन गेली. मी वरच्या खिडकीतून बघितले. बापाने गाडीचे दार उघडून तिला हात दिला आणि ती टुणकन आत चढली, लहानपणी चढायची तशी. वड्यांना मी हात लावला नाही.

आता मी कोणाचे पाय धरायचे? बाप द्यायला बसला आहे, मुलगी जायला निघाली आहे, आणि घराच्या अटीला ती भीक घालणार नाही, तिला वाडे दिसत आहेत. ‘नको’ म्हणू शकेल असा एकच माणूस उरतो, तो म्हणजे महाराज. ते आजवर कोणाला नको म्हणालेले नाहीत. एका कारणाने मात्र म्हणतील. त्यांना देवाची लाज नसली तरी नरकाची भीती आहे, विजा चमकायला लागल्या की ते धर्मगुरूंना बोलावून घेतात. मी स्वतः पाहिले आहे. आणि इतक्या वर्षांपूर्वी कोणत्या उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावले नव्हते, हे त्यांना आठवणे शक्य नाही.

म्हणून, कोर्सेल, नीट वाचा. कलम चौथ्यात ‘खरे असे आहे की’ इथपासून पुढचा सगळा मजकूर रद्द समजावा. मी त्यावर रेघ मारते. स्वच्छ प्रतीत तो घेऊ नये, आणि प्रत झाली की हा खर्डा तुमच्या शेगडीत घालावा. त्या जागी असे लिहावे:

मी, ओनोरीन द ब्रेव्हान, मरणाच्या दारात उभी असताना, क्रुसावर हात ठेवून, सिस्टर उर्स्यूल आणि मठाचे माळी मात्यूरँ पेल्तिए यांच्या समक्ष शपथेवर सांगते की माझी मुलगी इझोर हिचे जन्मदाते काउंट द ब्रेव्हान नसून महाराज आहेत. त्याची खूण माझ्या तिसऱ्या तसबिरीत आहे. परडीजवळची निळी फीत मागाहून रंगवलेली असून तिच्याखाली गुलाबाच्या देठावर कळी आहे. ज्यांनी तेव्हा ती वाचून माझे अभिनंदन केले, त्यांच्यातले बरेच जण अजून हयात आहेत. त्यांना विचारावे.

एवढेच. एकही शब्द वाढवू नका, वाढवला की खोटे वाटते.

माझ्या मरणाची वाट बघत बसू नका. शपथेची एक प्रत शिक्का मारून उद्याच महाराजांच्या धर्मगुरूंच्या हातात द्या, हुजऱ्याच्या नाही. मला दरबारात पत्र पाठवायची बंदी आहे, वकिलाला शपथपत्र पोचते करायची बंदी नाही. ही वाट तुम्हीच मला एकदा गमतीने सांगितली होती.

बाबेतला मी आज दुपारी बोलावून घेतले. तिसरी तसबीर गुंडाळून तिच्या ताब्यात दिली आणि काय करायचे ते सांगितले. फीत पुसायला मद्यार्कात बुडवलेला कापूस पुरेल म्हणाली. मग तिथेच उभी राहिली.

“पण बाईसाहेब, ती कळी मी जागा भरायला काढली होती.”

“तुला कोणी विचारलं तर असं सांगशील का?”

बाबेत खोटे बोलत नाही हे मी वर लिहिलेच आहे. “मला फुलवालीला कोण विचारतंय?” ती म्हणाली. “ज्याला त्याला वाटतं आपल्याला वाचता येतं.”

“आणि विचारलंच तर?”

“तर मी म्हणेन, कळी मी काढली. तेवढं खरंच आहे.”

तसबीर काखेत मारून ती निघाली, आणि दारातून परत येऊन तिने माझ्या कपाळाचा मुका घेतला. एवढ्या वर्षांत तिने असे कधी केले नव्हते.

यातून काय काय होईल हे मला न कळण्याइतकी मी भोळी नाही. महाराज तसबीर परत पाठवतील आणि वाड्याचे दार इझोरला कायमचे बंद होईल. आन्सेल्म यांचे मात्र चारचौघांत हसे होईल. ते तिला घरात ठेवणार नाहीत, त्यांचे नावही तिला लावू देणार नाहीत. मिठाच्या अधिकाऱ्याचा मुलगा पळेल, दात असते तरी पळाला असता. रस्त्यात लोक तिच्याकडे बघून कुजबुजतील. आणि मला जिच्यासाठी हे करायचे आहे ती मला आयुष्यभर शिव्या देईल. आन्सेल्मनाही आता कळणार नाही, की ते चार महिने मी खोटे ठरवले ते का. त्यांना वाटेल, त्या उन्हाळ्यातही मी त्यांना फसवले. हे मला फार लागते. त्यांनी एवढी वाईट गोष्ट केली तरी लागते.

कलम सहावे बदलते. घरावरची अट काढून टाकावी. ओब्रीव्हचे घर, बाग, विहीर, भाजीचा वाफा, मधमाश्यांच्या पेट्या, सगळे इझोरला बिनशर्त द्यावे, आणि ते नवऱ्याच्या, बापाच्या किंवा कोणाच्याही नावावर करता येऊ नये असे कागद बांधावेत. वरची उत्तरेच्या उजेडाची खोली बाबेत रेव्हेल हिला हयातभर राहायला द्यावी. इझोर तिला सुरुवातीला घालवून द्यायला बघेल, तिने जाऊ नये. इझोर रात्रीची जेवत नसेल तर तिला कांद्याचे सार करून द्यावे, ते ती कधी नाकारत नाही. तिने माझ्याविषयी विचारले तर ‘मला ठाऊक नाही’ म्हणावे.

कलम सातवे, इझोरच्या तसबिरीविषयी. परत आली की बाबेतने तिच्यातली कळी पुसावी आणि हात तसाच ठेवावा. त्या जागी दुसरे काहीही काढू नये. चित्रकार म्हणेल, हात रिकामा वाईट दिसतो. त्याला म्हणावे, दिसू दे. पुढेमागे इझोरला वाटले तर तिने त्यात स्वतःला हवे ते काढून घ्यावे, गाजर म्हटले तरी गाजर.

इझोर, तू म्हणालीस मला हेवा वाटतो. वाटतो. त्या दारातून तू टुणकन गाडीत चढलीस, त्या पायांचा वाटतो. तुला मी दोनदा जन्म दिला असे कोणी म्हणेल, ते ऐकू नकोस, तसले काही मी केलेले नाही. मी तुझे नाव काढून घेतले आणि त्या बदल्यात एक घर दिले. व्यवहार वाईट आहे. माझ्याजवळ दुसरा नव्हता.

कलम आठवे. हे कलम कोर्सेल यांच्यापुरते आहे, प्रतीत घेऊ नये.

बाबेत गेल्यावर मठाचे पाद्री माझे शेवटचे पापनिवेदन ऐकायला आले. चांगला म्हातारा आहे, कानाने कमी ऐकतो, माझ्या सोयीचा. मी त्यांना परत पाठवले. सिस्टर उर्स्यूल माझ्यावर पहिल्यांदा चिडल्या.

“बाईसाहेब, हे काय चाललंय? उद्याचा भरवसा नाही तुमचा.”

“म्हणूनच.”

“अहो, अर्ध्या घटकेचं काम. पाप सांगायचं, पश्चात्ताप झाला म्हणायचं, मोकळं व्हायचं. एवढं कसलं जड आहे?”

निवेदन करायचे तर ती शपथही सांगावी लागेल, आणि क्षमा हवी तर म्हणावे लागेल की मी ती मागे घेते. मागे घेतली की कळी पुन्हा त्या दालनात जाईल. मी मरेपर्यंत पश्चात्ताप होऊ नये म्हणून मी इझोरची मान डोळ्यापुढे धरून बसते. रात्री मला भीती वाटते. मी दरबारात वाढले असले तरी नरक मला खराच वाटतो, लहानपणी आजीने सांगितला होता तस्साच, आणि तिथे कोणी छत्री धरायला येणार नाही.

मृत्युपत्रात सगळेच आपल्या आत्म्यासाठी प्रार्थनांची सोय करून ठेवतात. संध्याकाळी सिस्टर उर्स्यूल उशाशी येऊन म्हणाल्या, “प्रार्थनांचं राहिलं वाटतं. किती प्रार्थना लिहू?”

“लिहू नका.”

“निदान एक तरी?”

“एकही नको,” मी म्हटले. “तिथे पोचणार नाहीत त्या.”

तेवढी ओळ कोरी ठेवावी.

सही: ओनोरीन द ब्रेव्हान

साक्षीदार (शपथ यांच्या समक्ष झाली, स्वच्छ प्रतीवर यांच्या सह्या घ्याव्यात):
सिस्टर उर्स्यूल, सेंत-ओदीलचा मठ
मात्यूरँ पेल्तिए, माळी. लिहिता येत नाही, अंगठा देईल

स्थळ: सेंत-ओदीलचा मठ
दिनांक: ९ ऑगस्ट १७५५